उत्तर देणारा माणूस कोण?

मोहीम संपल्यावर जो अहवाल तयार होतो, त्यात आकड्यांची उणीव कधीच नसते. पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, किती लाइक आले, एका क्लिकमागे किती खर्च पडला, हे सारे दशांश चिन्हापर्यंत मांडलेले असते. मजकूर लिहिण्याच्या आणि मोहिमा आखण्याच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत. असे अहवाल वाचताना माझी नजर आता सवयीने एका न छापलेल्या रकान्याकडे जाते: लोकांनी जे विचारले त्यातल्या किती प्रश्नांना उत्तर मिळाले, आणि लोकांनी जे सुचवले त्यामुळे संस्थेच्या आत काय हलले? हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. ‘प्रेक्षकांशी नाते जोडणे’ हे उद्दिष्ट पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असते आणि त्या नात्याचा पुरावा शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही.

लक्ष वेधणे आणि नाते जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समाजमाध्यमांच्या काळात त्यांची सर्वांत जास्त गल्लत झाली आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. लक्ष वेधून घ्यायला कल्पकता आणि पैसा पुरतो. नात्यासाठी मात्र समोरच्याच्या बोलण्याचा आपल्या वागण्यावर काही परिणाम होऊ द्यावा लागतो, आणि तिथे बहुतेक संस्था अडखळतात.

एकतर्फी जवळीक समाजमाध्यमांच्या फार आधीची आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली एका निबंधात रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिले होते. पडद्यावरचा निवेदक रोज ठरावीक वेळी घरात येतो, डोळ्यांत डोळे घालून बोलतो, आणि काही काळाने प्रेक्षकाला तो आपल्या ओळखीचा वाटू लागतो, प्रत्यक्षात त्या निवेदकाला या प्रेक्षकाचे नावही माहीत नसले तरी. या आभासी सहवासाला त्यांनी दिलेली ‘पॅरासोशल’ ही संज्ञा आज समाजमाध्यमांवरील प्रभावकांच्या अभ्यासातही वापरली जाते. फरक इतकाच, की १९५६ च्या प्रेक्षकाला आपण ऐकले जाणार नाही हे ठाऊक होते. आजच्या प्रेक्षकासमोर कमेंटची चौकट उघडी असते. चौकट उघडी ठेवणे म्हणजे ऐकण्याचे वचन देणे आहे, आणि ते पाळले गेले नाही तर होणारा अपेक्षाभंग दूरचित्रवाणीच्या काळातल्या मौनापेक्षा जास्त दुखावणारा असतो.

प्रेक्षकाच्या मनात अशी जवळीक असते, याची सर्वांत महागडी जाणीव एका कंपनीला समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी झाली. कोका-कोलाने २३ एप्रिल १९८५ रोजी आपल्या पेयाची चव बदलली. निर्णय घाईचा नव्हता, कारण त्यामागे सुमारे २ लाख लोकांच्या चव-चाचण्या होत्या आणि त्यांत नवी चव सरस ठरली होती. तरीही लोक संतापले. कंपनीच्या दूरध्वनीवर एरवी दिवसाला ४०० च्या आसपास फोन येत, ते १,५०० वर गेले. ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनी चव परत आणण्याची घोषणा करावी लागली. या प्रसंगाकडे फसलेल्या उत्पादनाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. मला मात्र त्यात चाचणीचा प्रश्न चुकलेला दिसतो. दोन पेयांतले कोणते जास्त आवडले, एवढेच लोकांना विचारले गेले. नेहमीचे पेय कायमचे काढून घेतले तर चालेल का, हे खऱ्या अर्थाने त्यांना विचारले गेलेच नाही. आवड मोजता येते म्हणून मोजली गेली, आणि आपलेपणा मोजण्याचे साधन नव्हते म्हणून तो हिशेबातून गळला. आजच्या डॅशबोर्डवरही नेमके हेच घडते, फक्त आकडे जास्त वेगाने येतात.

कपड्यांच्या गॅप या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये नवे बोधचिन्ह आणले आणि आठवडाभराच्या आत मागे घेतले. पंचवीस वर्षांत फोनची जागा ऑनलाइन तक्रारींनी घेतली आणि अडीच महिन्यांचा अवधी एका आठवड्यावर आला. माणसाचे मन तेच राहिले.

खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगोचे उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सविस्तर सांगतो, कारण त्यात एका निर्णयाच्या क्षणी दोन्ही वाटा स्पष्ट दिसतात. १९९८ मध्ये या कंपनीने माइंडस्टॉर्म्स नावाचा यंत्रमानव बनवण्याचा संच बाजारात आणला. त्याच्या मुख्य ठोकळ्यात संगणकीय आज्ञावली होती. काही आठवड्यांतच जाणकार चाहत्यांनी ती उलगडली आणि आपले शोध इंटरनेटवर खुले केले. कंपनीच्या मालकीच्या गोष्टीशी ही सरळ छेडछाड होती, आणि कायदेशीर नोटिसा पाठवणे ही कोणत्याही कंपनीची पहिली प्रतिक्रिया ठरली असती. लेगोमध्येही त्यावर खल झाला. शेवटी कंपनीने उलटा निर्णय घेतला आणि आज्ञावलीत बदल करण्याचा हक्क वापराच्या परवान्यातच लिहून टाकला. चाहत्यांनी मग स्वतःच्या भाषा बनवल्या, नवे संवेदक जोडले, पुस्तके लिहिली, आणि एका खेळण्याभोवती असा समुदाय उभा राहिला जो कोणत्याही जाहिरात खर्चातून उभा राहिला नसता. २००६ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीच्या आखणीत तर कंपनीने निवडक चाहत्यांना आधीपासूनच सामील करून घेतले.

ही वाट तिथेच थांबली नाही. २००८ मध्ये जपानमध्ये छोट्या प्रमाणावर सुरू झालेला एक उपक्रम २०१४ पासून लेगो आयडियाज या नावाने चालतो. कोणीही स्वतःची रचना मांडावी, तिला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते, आणि ती बाजारात आली तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का वाटा मिळतो, असे त्याचे स्वरूप आहे. हा वाटा पुरेसा आहे का, यावर वाद होऊ शकतो आणि व्हायला हवा. चाहत्यांच्या उत्साहाचे रूपांतर विनामूल्य श्रमात करण्याचा मोह या क्षेत्रात फार मोठा आहे. ‘तुमच्या कल्पना आम्हाला पाठवा’ असे आवाहन करून हजारो चित्रे गोळा करायची, त्यांतली चार पोस्टवर झळकवायची आणि उरलेल्यांना साधी पोचही द्यायची नाही, असे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. लेगोच्या पद्धतीत मला विशेष वाटते ते हे, की नियम आधीच जाहीर आहेत: किती पाठिंबा मिळाला की विचार होईल, आणि रचना निवडली गेली तर काय मिळेल. नकार मिळाला तरी तो कोणत्या टप्प्यावर मिळाला हे माणसाला कळते.

लोकांना स्वतः हात लावता आला की त्यांना ती गोष्ट आपली वाटू लागते, याला संशोधनाचाही आधार आहे. मायकेल नॉर्टन, डॅनिएल मोचोन आणि डॅन अॅरिएली यांनी केलेल्या प्रयोगांत लोकांनी स्वतः केलेल्या ओबडधोबड कागदी आकृत्यांना तज्ज्ञांच्या सुबक आकृत्यांच्या जवळपास जाणारी किंमत लावली. इतरांना मात्र त्याच आकृत्या फारशा मोलाच्या वाटल्या नाहीत. सर्जनशील मोहिमेबद्दलचे माझे मत इथूनच घडले आहे. परिपूर्ण, चकचकीत, एकही फट नसलेल्या जाहिरातीचे कौतुक होते, पण तिच्यात प्रेक्षकाने करण्यासारखे काहीच उरत नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यातल्या आइस बकेट चॅलेंजची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एएलएस या चेतासंस्थेच्या दुर्धर आजाराच्या संशोधनासाठी लोक डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेत, त्याचा व्हिडिओ टाकत आणि पुढच्या माणसांना नावानिशी आव्हान देत. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला त्यातून सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले, आणि त्या निधीचा आधार लाभलेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी निगडित एका जनुकाचा शोध जाहीर झाला. ही मोहीम कोणा जाहिरात संस्थेने आखली नव्हती. हा आजार जडलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या मित्रपरिवाराने ती पसरवली. तिचे सारे बळ नाव घेण्यात होते, असे मला वाटते. ‘सर्वांनी मदत करा’ म्हटले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. चारचौघांत आपले नाव उच्चारले गेले की मान वळतेच. संस्थेने आधी कोणता संदेश पाठवला होता हे कोणाला आठवत नाही, पण आपल्याला आव्हान कोणी दिले होते हे लोक आजही सांगतात.

समाजमाध्यमांची कितीतरी अंगे मुळात वापरणाऱ्यांनीच घडवली, ही गोष्ट या धंद्यातली माणसे सहज विसरतात. हॅशटॅगची सूचना ख्रिस मेसिना या एका वापरकर्त्याने २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर केली. लोक ते चिन्ह वापरत राहिले आणि २००९ मध्ये कंपनीने त्यावर क्लिक करण्याची सोय दिली. नावाआधी चिन्ह लावून एकमेकांना उद्देशून बोलण्याची रीतही लोकांनीच पाडली होती. माध्यमाने ऐकले आणि मान्य केले. याच माध्यमावर पुढे अनेक ब्रँडांनी स्वतःचे हॅशटॅग लोकांवर लादण्याचा प्रयत्न केला आणि ते कोणी उचलले नाहीत, यात मला आश्चर्य वाटत नाही.

सूर कसा असावा, यावर बैठकांमध्ये तासन् तास चर्चा होते. तरुण वाटावा, खेळकर वाटावा, पण गंभीरही वाटावा, अशा अपेक्षांची यादी लांबत जाते. अशा वेळी मी ओक्लाहोमा सिटीतील नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियमची आठवण करून देतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे संग्रहालय बंद झाले. इमारतीत सुरक्षा विभागाचे प्रमुख टिम टिलर होते, आणि संग्रहालयाच्या ट्विटर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. समाजमाध्यमांचा सराव नसलेला हा गृहस्थ हॅशटॅगचे चिन्ह टाकण्याऐवजी ‘हॅशटॅग’ हा शब्दच लिहीत असे, दालनातल्या एखाद्या वस्तूचे छायाचित्र काढून तिच्याबद्दल दोन साधी वाक्ये लिहीत असे आणि शेवटी पत्राखाली सही करावी तसे ‘धन्यवाद, टिम’ असे लिहीत असे. काही दिवसांत लाखो लोक ते खाते वाचू लागले. लोक त्यांना प्रश्न विचारत आणि ते सावकाश, आदराने उत्तरे देत.

या यशाची नक्कल करण्याचे प्रयत्न नंतर झाले. मुद्दाम चुका करणारी, भाबडेपणाचा आव आणणारी ब्रँडची खाती मी पाहिली आहेत, आणि त्यांतला पोकळपणा वाचकाला चटकन जाणवतो. टिम यांच्या लिहिण्याला वजन होते ते त्यांच्या प्रत्यक्ष स्थानामुळे. ते खरोखरच त्या रिकाम्या दालनांतून फिरत होते, त्या वस्तूंची राखण करणे हे त्यांचे रोजचे काम होते, आणि ज्या गोष्टीबद्दल ते लिहीत होते ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. संवादाचा सूर त्या जागेतून आणि त्या कामातून आला होता. म्हणून सुराची यादी करण्याआधी, प्रत्यक्ष काम ज्यांच्या हातून होते त्यांच्यापैकी कोणाला बोलते करता येईल, असे मी विचारतो. उत्पादन दुरुस्त करणाऱ्याला, ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्याला, प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्याला सांगण्यासारखे खूप असते. त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

माणसाने माणसाला नावाने उत्तर देण्याचा परिणाम मोठ्या खर्चाच्या मोहिमेतही दिसतो. ओल्ड स्पाइसची जाहिरात २०१० च्या सुरुवातीला गाजली होतीच. त्याच वर्षी जुलै महिन्यात लेखक, तंत्रज्ञ आणि अभिनेता इसाया मुस्तफा एकत्र बसले आणि लोकांनी ऑनलाइन विचारलेल्या प्रश्नांना दोन-तीन दिवसांत १८० हून अधिक छोट्या व्हिडिओंमधून उत्तरे दिली. उत्तरांत वलयांकित माणसे होती तशी कोणाला ठाऊक नसलेलीही होती. मूळ जाहिरात लोकांनी पाहिली होती, या उत्तरांत मात्र ते स्वतः सापडण्याची शक्यता होती.

याउलट, रोजच्या व्यवहारात उत्तरांची जी भाषा रूढ झाली आहे ती मला खिन्न करते. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आम्हाला इन्बॉक्समध्ये संपर्क करा’ हे वाक्य दिवसभरात शेकडो तक्रारींखाली चिकटवले जाते. तक्रार चारचौघांसमोरून हलवणे, हा त्याचा खरा हेतू वाचणाऱ्याला समजत नाही असे मानणे हा त्याचा अपमान आहे. हे वाक्य चिकटवणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. बहुधा तो बाहेरच्या संस्थेत काम करणारा, कमी वयाचा आणि कमी पगाराचा कर्मचारी असतो. त्याच्याकडे वस्तू बदलून देण्याचा अधिकार नसतो, चूक कुठे झाली हे शोधण्यासाठी आत फोन करण्याची सोय नसते, आणि दिवसभर लोकांचा राग झेलून संध्याकाळी तो राग पोहोचवायचा कुठे हेही त्याला ठाऊक नसते. संस्थेने कान बाहेर ठेवला आणि तो डोक्याला जोडलाच नाही. आता तर असे उत्तर देण्याचे काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. यंत्र जलद आणि अचूक माहिती देत असेल तर मला आनंदच आहे, पण यंत्राच्या मागेही निर्णय घेऊ शकणारा माणूस नसेल, तर तोच बंद दरवाजा अधिक विनयशील झाला एवढेच.

माध्यमांच्या रचनेकडेही डोळेझाक करता येत नाही. संवाद ज्या जागेत घडतो ती जागा संस्थेच्या मालकीची नसते, प्रेक्षकाच्याही नसते. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. ज्या संस्थांनी वर्षानुवर्षे आपल्या पानांवर माणसे जमवली होती, त्यांना त्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसे मोजण्याची पाळी अधिकच आली. त्याआधी २०१७ पासून रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते, हे पुढे बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. म्हणजे लोकांना चिडवणारा मजकूर अधिक लोकांना दिसण्याची सोय रचनेतच होती. अशा जागेत ‘एंगेजमेंट (म्हणजे लाइक, कमेंट, शेअर यांची संख्या) वाढले’ या वाक्याचा अर्थ लोक जवळ आले असा होतो की चिडून ओरडले असा, हे आकड्यावरून कळतच नाही. म्हणूनच ईमेलची यादी, प्रत्यक्ष भेटी, जुन्या वाचकांना लिहिलेले पत्र या संथ मार्गांवर माझा विश्वास आजही जास्त आहे. व्हाइन हे लाखो लोकांचे आवडते माध्यम जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथे जमलेले प्रेक्षक सोबत नेण्याची सोपी वाट निर्मात्यांकडे नव्हती.

या साऱ्या विचाराला एक गंभीर आक्षेप आहे. सुसान फोर्नियर यांनी १९९८ मध्ये तीन स्त्रियांच्या आयुष्याचा बारकाईने अभ्यास करून, माणसे ब्रँडशी मैत्रीपासून सवयीपर्यंत अनेक प्रकारची नाती जोडतात असे मांडले. त्याउलट बायरन शार्प आणि त्यांचे सहकारी विक्रीच्या आकडेवारीवरून सांगतात, की बहुतेक ब्रँडांचे बहुतेक ग्राहक ती वस्तू क्वचितच घेतात, तिच्याबद्दल फारसा विचार करत नाहीत आणि त्यांना कोणतेही नाते नको असते. मला दुसरी मांडणी वस्तुस्थितीच्या जवळची वाटते, आणि तरीही माझा आग्रह बदलत नाही. लोकांना वस्तूशी मैत्री करायची नसते, हे मान्य. पण वस्तू बिघडते, माहिती अपुरी पडते, एखादी जाहिरात मनाला लागते, तेव्हा पलीकडे ऐकणारे कोणी असावे अशी अपेक्षा क्वचित येणाऱ्या ग्राहकाचीही असते. नात्याची गरज रोजची नसते, म्हणून ती नाहीच असे ठरत नाही. सकाळी शुभेच्छा, दुपारी मीम आणि रात्री प्रश्नमंजुषा, अशी रोज गळ्यात पडणारी खाती पाहिली की वाटते, यांनी आठवड्यातून एकदाच बोलावे आणि विचारल्यावर मात्र नक्की बोलावे.

पॅटागोनिया या कंपनीने २५ नोव्हेंबर २०११ रोजी, अमेरिकेतील खरेदीच्या सर्वांत मोठ्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जॅकेटचे चित्र छापून ते विकत घेऊ नका असे आवाहन केले. ते जॅकेट बनवायला १३५ लिटर पाणी लागते, हेही त्यात लिहिले होते. कल्पना धाडसी होती, पण केवळ धाडसावर ती टिकली नसती. जुने कपडे दुरुस्त करून देण्याची व्यवस्था कंपनीकडे होती. जाहिरात वाचून फाटलेले जॅकेट कोणी पाठवले असते, तर ते शिवून परत आले असते. पुढच्या वर्षांत कंपनीची विक्री वाढली, म्हणून या जाहिरातीत ढोंग होते असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण शब्दामागे काम करणारे हात होते आणि ते कोणालाही तपासता येत होते.

म्हणून आता एखादी संस्था नव्या मोहिमेसाठी बोलावते, तेव्हा कल्पना ऐकवण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतो. लोकांचे प्रश्न कोण वाचणार आहे, त्या व्यक्तीला काय मान्य करण्याचा अधिकार आहे, तिला आत कोणाला फोन करता येईल, आणि ती सोडून गेली तर नेहमी लिहिणाऱ्या माणसांची आठवण कुठे नोंदलेली राहील? पुष्कळदा खोलीत शांतता पसरते आणि कोणीतरी म्हणते की ते नंतर पाहू. अशा वेळी मी मोहिमेची तारीख पुढे ढकलण्याचा आग्रह धरतो. त्या वाचवलेल्या दिवसांत आधी एक माणूस नेमावा, त्याला दुरुस्ती विभागात आणि गोदामात आठवडाभर बसवावे, मागच्या वर्षभरातल्या अनुत्तरित कमेंट त्याच्या हाती द्याव्यात आणि त्यांची उत्तरे लिहायला सांगावे. उशिरा का होईना, एकेका नावाने.